दुसरा शब्द खरा

ही गोष्ट सुरू होते एका दाढेपासून. बंदराच्या रेडिओ खोलीतल्या मास्तरांची दाढ दोन दिवस ठणकत होती. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांनी हात टेकले आणि ताईला फोन केला. म्हणाले, दाढ उपटून येतो, तेवढा वेळ माझ्या खुर्चीत बस. ताईची पाळी खरं तर संध्याकाळची. पण हे काम मास्तरांनीच तिला हाताला धरून शिकवलेलं, त्यांना नाही म्हणणं तिच्या जिवावर यायचं. खरकटी भांडी तशीच टाकून ती टेकडी चढून वर आली. मास्तर गालाला मफलर बांधून दारातच उभे होते. जाताना त्यांनी उत्तरेकडे बोट केलं आणि सुजलेल्या तोंडाने काहीतरी पुटपुटले. त्यातलं निम्मंच कळलं. आज वर उजेड आहे, कान उघडे ठेव, असं ते म्हणत होते.

थंडीचे दिवस होते. तिकडे थंडीत सूर्य दुपारी जरा तोंड दाखवतो आणि घाईतल्या पाहुण्यासारखा लगेच निघतो. जेवणं आटोपेपर्यंत अंधार पडतो. अशा अंधारात कधीकधी डोंगरांवरचं आकाश हिरवं होतं आणि हलू लागतं. पुस्तकात त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. बंदरावरचे लोक नुसतं उजेड म्हणतात. बघणाऱ्याला तो फार सुंदर दिसतो, पण रेडिओवाल्यांच्या डोळ्यांत तो खुपतो, कारण तो आला की वरचा सगळा कारभार उलटापालटा होतो. एरवी हवेच्या फार उंच थरावरून लांबच्या स्टेशनांचे आवाज खाली परतून येतात. उजेड पेटला की त्या थराच्याही खाली काहीतरी दाटून येतं आणि ते आवाज वाटेतच गिळून टाकतं. लांबची स्टेशनं एकेक करून मुकी होतात. उलट बोटींच्या रेडिओच्या ज्या लहरी सरळ जाऊन एखाद्या बेटाआड संपायच्या, त्या या हिरव्या पडद्यावर आपटून मागे येतात. म्हणून बोट दक्षिणेला असली तरी अँटेना उत्तरेला फिरवायची, समुद्राकडे पाठ करायची आणि डोंगराकडे कान लावायचा. नव्या माणसाला हे पटत नाही, पण ऐकू तसंच येतं.

ऐकू येतं खरं, पण त्यात आवाज म्हणावा असं काही उरत नाही. पडदा सारखा थरथरत असतो, त्यावरून परतलेल्या बोलण्यातला सूर निघून जातो आणि नुसता श्वास राहतो. बाई बोलतेय की पुरुष, ओळखीचं कुणी की परकं, काही कळत नाही. सगळे एकाच बसक्या घशाने कुजबुजतात. म्हणून मास्तरांनी बंदराला एक शिस्त लावली होती. उजेडाच्या दिवशी प्रत्येक शब्द दोनदा बोलायचा, मध्ये एक श्वास थांबून. आणि दोन शब्द वेगळे निघाले तर दुसरा खरा धरायचा. मास्तर म्हणायचे, माणूस आधी चुकतो आणि मग सुधारतो. आधी बरोबर सांगून मग मुद्दाम चुकीचं कोण सांगेल? या शिस्तीवर ताईने कितीतरी बोटी सुखरूप घरी आणल्या होत्या.

बंदरावर सगळेच तिला ताई म्हणत, पिकल्या मिशांचे खलाशीसुद्धा. सख्खा भाऊ मात्र एकच, धाकटा. आई गेली तेव्हा तो एवढासा होता. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, कान धरून शाळेत नेलं आणि लग्न ठरताना नवऱ्याला आधीच सांगितलं की हा आपल्याबरोबर राहील. नवरा बंदराच्या बचाव बोटीचा कप्तान. त्याचं आणि धाकट्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्या दिवशी सकाळीही दोघांची जुंपली होती. होडीच्या तळाची फळी सुटायला आलीय, ती ठोकून घे आणि मगच समुद्रात जा, असं कप्तानाने बजावलं. त्यावर धाकटा हसून म्हणाला, "भाऊजी, कुणाला वाचवायची वेळच आली नाही तर तुमची नोकरी राहील का?" आणि गेला. ताईला तेव्हा हसू आलं होतं.

खोलीत शेगडी तापली होती. यंत्रावर बसलेली धूळ गरम होऊन जळकट वास सुटला होता. ताईने कानाला हेडफोन लावले, अँटेना उत्तरेला फिरवली आणि चहाचा कप जवळ ओढला. कप तोंडाला लावायच्या आतच त्या सळसळीतून कुणीतरी बोललं.

"ताई… ताई… सतरा… सतरा…"

सतरा हा धाकट्याच्या होडीचा नंबर. ताईने कप खाली ठेवला.

"पाणी… पाणी… शिरतंय… शिरतंय…"

कुठे आहात, असं तिने विचारलं, शिस्तीप्रमाणे दोनदा. उत्तर आलं, बेटाच्या मागे. तेही दोनदा आलं. तिचं डोकं ठिकाणावर होतं. पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो.

"किती माणसं… किती माणसं?"

"चार… पाच…"

ताई थबकली. सकाळी धक्क्यावरून चौघं गेलेले तिने स्वतः पाहिले होते. धाकटा, इंजिनवाला, म्हातारे काका आणि काकांचा जावई. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं, मधे तेवढाच श्वास थांबून, आणि दुसरा शब्द पहिल्यापेक्षा जरा हळू. "चार… पाच…" धाकट्याला वाटेत कुणाला तरी होडीत घ्यायची खोड होती. पलीकडच्या गावचा कुणी असेल आणि घाबरलेल्या पोराने आधी सवयीने चार म्हणून मग सुधारलं असेल. तिने नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाली, "अहो, धाकटा बुडतोय. बेटामागे. पाच माणसं आहेत." फोन आपटल्याचा आवाज आला आणि थोड्याच वेळात खिडकीखालून बचाव बोटीचा दिवा अंधारात शिरताना दिसला.

वाट बघण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. एकदा बेटाआड गेल्यावर बचाव बोटीचं बोलणंही उत्तरेकडूनच येणार, त्याच बसक्या घशाने. ताई डोळे मिटून ऐकत राहिली. मनातल्या मनात ती धाकट्याला शिव्या देत होती आणि त्याच दमात देवाला विनवत होती. शेवटी सळसळीतून शब्द सुटे झाले.

"होडी… होडी… दिसली… दिसली…"

मग बराच वेळ काही नाही. मग, "चार… चार… घेतले… घेतले…"

"धाकटा… धाकटा?"

"आहे… आहे…"

ताईचा जीव भांड्यात पडला. ती रडली, तिने नाक पुसलं आणि लगेच तिला कामाची आठवण झाली. पाचवा राहिला होता. माणसांची गणती जुळल्याशिवाय बचाव बोट माघारी वळत नाही, हा त्यांचा नियमच आहे. तिने पाचव्याचं विचारलं. पलीकडे कप्तान बहुधा चरफडला असेल, कारण उत्तर यायला उशीर लागला. शोधतो, म्हणाला. लाटा वाढत होत्या. होडी पाण्याखाली जायच्या बेतात होती, आणि कुणा अनोळखी माणसासाठी आता नवरा आणि भाऊ दोघंही तिथे अडकून पडले होते. एकदा तिच्या मनात आलं, सांगून टाकावं की चारच होते, या परत. पण पाचवाही कुणाचा तरी धाकटा असेल. ती गप्प बसली.

"पाचवा… पाचवा… मिळाला… मिळाला…"

"कुठे… कुठे?"

"होडीतच… होडीतच… बसला… बसला… होता… होता…"

ज्या होडीतून चौघांना उचललं, त्याच होडीत. ताईला ते जरा विचित्र वाटलं. पण पुढच्या टोकाशी जाळ्यांखाली दडून बसला असेल, भीतीने माणूस काय वाटेल ते करतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

हळूहळू डोंगरावरचा हिरवा रंग फिका पडला आणि विझला. बचाव बोट बेट ओलांडून मोकळ्या पाण्यात आली होती. ताईने अँटेना दक्षिणेला फिरवली, आणि एकदम कानात माणसांचे खरे आवाज शिरले, इंजिनाची धडधड, नवऱ्याचा खोकला. आणि मग सर्दाळलेला, पण चांगला खणखणीत, ज्याला तिने लहानपणी पाढे म्हणायला लावले होते तो आवाज.

"ताई, मी आहे गं."

ताईने त्याला तोंडाला येईल ते सुनावलं. तो म्हणाला, समुद्राचं पाणी पोटात गेलं होतं, इतका वेळ खाली केबिनमध्ये ओकत पडलो होतो, आत्ता कुठे उभा राहिलो. ताई म्हणाली, ते राहू दे, तो पाचवा कोण घेतला होतास बरोबर, त्याच्यापायी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

"पाचवा?"

"आधी चार म्हणालास, मग पाच."

"मी पाच कुठे म्हणालो? चारच म्हणालो, ताई. दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा चारच म्हणालो."

"प्रत्येक शब्द दोनदा बोलत होतास ना, मेल्या. पहिला चार, दुसरा पाच."

तो जरा ओशाळून म्हणाला, "दोनदा बोलायचं विसरलोच होतो गं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं, दम कुठे होता? एकेकदाच बोलत होतो मी. पुढच्या वेळी नक्की दोनदा बोलेन."

ताईने टेबलाची कड धरली. इतका वेळ जे तिने ऐकलं होतं, त्यातलं निम्मं तिच्या भावाने बोललेलंच नव्हतं. ते कुणीतरी त्याच्या मागोमाग म्हणत आलं होतं, मधे एक श्वास थांबून, अगदी तिच्या शिस्तीप्रमाणे. आणि एका जागी, फक्त एकाच जागी, त्याने शब्द बदलला होता.

"मग तुमच्याबरोबर खाली बसलाय तो कोण?" तिने विचारलं.

"तो? ओला झालेला? तो भाऊजींचा खलाशी ना? माझ्याच ब्लँकेटमध्ये बसला होता इतका वेळ. आम्हाला वाटलं, आम्हाला ओढून घेताना पाण्यात पडला बिचारा."

मागून कप्तानाचा आवाज आला. आपले दोघेही खलाशी वर डेकवर आहेत, असं तो म्हणत होता. खालचा तुमचाच माणूस, पाचवा. मी काकांना विचारलं तर त्यांनी मान हलवली. काका थंडीने कुडकुडत होते, त्यांची मान सगळ्यालाच हलत होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"त्याचं तोंड पाहिलंस तू?" ताईने विचारलं.

"नाही गं. खाली मान घालून बसलाय. थांब, बघून येतो."

"जाऊ नकोस," ताई म्हणाली. पण बोलायचं बटण दाबायच्या आधीच ती ते म्हणाली होती. बटण दाबून पुन्हा म्हणाली तेव्हा तो गेला होता.

नंतरचं तिला कप्तानाकडून कळत गेलं, तुकड्यातुकड्याने. धाकटा शिडी उतरून खाली गेला. खालचा दिवा गेला. कुणीतरी काहीतरी बोललं. एक मोठी लाट आली, बोट आडवी झाली, केबिनचं मागचं झाकण उघडून आपटलं आणि आत पाणी आलं. खलाशी टॉर्च घेऊन खाली उतरले. ताईने विचारलं, किती आहेत?

"चार," कप्तान म्हणाला.

"धाकटा?"

"हा काय, इथेच आहे. बसलाय. चौघंही आहेत. पाचवा नाही." जरा थांबून तो पुढे म्हणाला, "खरं सांगू? मुळात तो होता की नाही, देव जाणे. अंधार, लाटा, त्यात तू पाच पाच म्हणत होतीस. डोळ्यांना दिसायचंच काहीतरी."

माणसाला हवं ते ऐकायला मिळालं की तो फार खोलात शिरत नाही. गेलेले चार होते, आलेले चार होते. धक्क्यावर बोट लागली तेव्हा जमलेल्या लोकांनीही हेच म्हटलं. ज्या खलाशाने पाचव्याला हाताला धरून ओढून घेतलं होतं, तो मात्र आपला तळवा पँटला पुसत बाजूला उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. ब्लँकेट पांघरलेला धाकटा फळीवरून खाली उतरला तशी ताई त्याला घट्ट बिलगली. हनुवटीवरची लहानपणीची खूण, डाव्या कानाचा तुटका कोपरा, सगळं जिथल्या तिथे होतं. अंग बर्फासारखं गार होतं. ते तर असणारच.

"बरा आहेस ना रे?"

"बरा आहे, ताई," तो म्हणाला. घसा पार बसला होता. नुसता श्वास बाहेर येत होता.

बंदराच्या डॉक्टरीणबाईंनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, खारं पाणी गेलंय, होईल ठीक दोन दिवसांत. ताईने मान डोलवली. अर्ध्या तासापूर्वी त्याचा आवाज खणखणीत होता, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते तिथेच राहिलं.

कप्तानाला बोट धुऊन बांधायची होती. मास्तरांचा अजून पत्ता नव्हता, रेडिओ खोली मोकळी ठेवून चालणार नव्हतं. वर शेगडी तरी आहे, म्हणून ताई धाकट्याला बरोबर घेऊन टेकडी चढली. वाटेत तो एकदाही बोलला नाही. तिने त्याला मागच्या खुर्चीत बसवलं, शेगडी त्याच्याकडे सरकवली आणि चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही. ती तिच्या जागी बसली. तिची पाठ त्याच्याकडे होती, आणि ती पाठ आतून गारठत होती. आपल्याच भावाबद्दल असलं काही मनात आणल्याची तिला लाज वाटली.

उजेड विझला की अँटेना एकदा उत्तरेला फिरवून ऐकायचं असतं, वरचं सगळं निवळलं की नाही ते. ते तिने सवयीने केलं. बाहेर आकाश काळंभोर आणि स्वच्छ होतं. सळसळ थांबली होती. त्या बाजूला समुद्र नाही, गाव नाही, वस्ती नाही, नुसते बर्फाचे डोंगर. हेडफोनमध्ये इतकी शांतता होती की तिला स्वतःच्या रक्ताचा आवाज येत होता.

मग कुणीतरी बोललं. कुजबुज नव्हती ती. आवाजात सूर होता, सर्दी होती, लहानपणी पाढे चुकल्यावर यायचा तो रडवेला कंपसुद्धा होता.

"ताई… ताई… पाणी… पाणी…"

प्रत्येक शब्द दोनदा येत होता, मधे एक श्वास थांबून, अगदी नीट, आज्ञाधारक मुलासारखा. तिचं बोट बटणावर गेलं. विचारायचं होतं, तू कुठे आहेस, विचारायचं होतं, तू कोण आहेस. पण घशातून ठरलेला प्रश्नच बाहेर आला.

"किती माणसं… किती माणसं?"

तो रडत होता. रडता रडता त्याने सांगितलं.

"एक… एक…"

ताई बटण दाबूनच बसून राहिली. पुढे काय म्हणायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. मागे कप जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. खुर्ची हलली. आणि तिच्या कानापाशी, हेडफोनच्या बाहेरून, बसक्या घशाने कुणीतरी हळूच विचारलं,

"कोण आहे गं, ताई?"